उभे राहताना येणारी चक्कर

बसलेल्या, ओणव्या किंवा निजलेल्या स्थितीतून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, डोके हलके होणे व तोल गेल्यासारखे वाटणे या अवस्थेस उभे राहताना येणारी चक्कर असे म्हणतात. तिचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे शरीराची स्थिती बदलल्यामुळे रक्तदाबात अचानक होणारी घट. या घटीला वैद्यकीय व्यवहारात ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन किंवा पोश्चरल हायपोटेन्शन ही नावे असून मराठीत तिला ऊर्ध्वस्थितीजन्य अल्परक्तदाब म्हणता येईल. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरने किंवा खालचा रक्तदाब १० मिलिमीटरने घसरला तर हा विकार आहे असे मानतात. ही व्याख्या १९९६ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या सहमतीने ठरली आणि २०११ साली तिच्यात सुधारणा झाली.

तरुणांमध्ये हा प्रकार बहुधा क्षणिक व निरुपद्रवी असतो. पासष्टी ओलांडलेल्यांमध्ये मात्र साधारणपणे पाच-सहा जणांपैकी एकाला तो आढळतो. त्यातून होणारे पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि त्यानंतर अंथरुणाला खिळणे हा या विकाराचा खरा धोका आहे. बहुतेक रुग्णांत पहिला उपचार औषधाविना, घरच्या घरी करता येण्याजोगा असतो. तथापि ‘घरगुती’ म्हणून सांगितले जाणारे सर्वच उपाय उपयोगी नाहीत, आणि काही तर उलट परिणाम करणारे आहेत.

शब्द आणि त्यांतील भेद

मराठीत ‘चक्कर’ हा शब्द अनेक वेगवेगळ्या अनुभवांसाठी सरसकट वापरला जातो. वस्तुतः भाषेत त्यांच्यासाठी स्वतंत्र शब्द आहेत आणि ते निदानाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. अंधारी येणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, घेरी येणे, झीट येणे हे शब्दप्रयोग मेंदूला होणारा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडल्याचे सुचवतात. गरगरणे, भिंती फिरताना दिसणे, घर उलटेपालटे झाल्यासारखे वाटणे हे अनुभव बहुधा अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या बिघाडाचे असतात. कूस बदलताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना काही सेकंद घर फिरते, तो अंतर्कर्णातील सूक्ष्म स्फटिक जागचे हलल्याचा विकार होय. त्यावर पाणी, मीठ वा सरबत यांचा काहीही उपयोग होत नाही. डोक्याच्या विशिष्ट हालचालींनी ते स्फटिक पूर्ववत बसवावे लागतात. डोके शांत, पण पाय लटपटतात आणि चालताना झोक जातो, हा तिसरा प्रकार नसा, सांधे किंवा लहान मेंदू यांच्याशी संबंधित असतो.

डॉक्टरांपुढे केवळ ‘चक्कर येते’ असे न सांगता नेमके काय होते, कोणत्या हालचालीने होते आणि किती वेळ टिकते हे सांगितल्यास निम्मे निदान तेथेच होते. ‘बीपी लो झाला’ आणि ‘पित्त झाले’ ही दोन लोकप्रिय निदाने बहुतेक वेळा रक्तदाब न मोजताच केलेली असतात.

शरीरातील घडामोड

माणूस उभा राहिला की गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे अर्धा ते एक लिटर रक्त पाय, नितंब व पोटातील शिरांमध्ये उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त तेवढ्याने कमी होते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणारे रक्त घटते आणि रक्तदाब खाली येऊ लागतो. मानेतील कॅरोटिड धमनीच्या फुगीर भागात आणि महाधमनीच्या कमानीत दाब जाणणारी केंद्रे असतात. ती ही घट क्षणार्धात ओळखून मेंदूच्या बुंध्यास कळवतात. तेथून निघालेल्या आज्ञेने नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दाब सावरला जातो. पोटऱ्यांचे व मांड्यांचे स्नायू आवळले जाऊन शिरांतील रक्त वर ढकलतात, ही दुसरी मदत. पोटऱ्यांना ‘दुसरे हृदय’ म्हणण्याची जी पद्धत आहे तिला एवढा आधार निश्चित आहे.

या साखळीतील कोणताही दुवा निकामी झाला की चक्कर येते. रक्तातील द्रव कमी असेल, रक्तवाहिन्या आकुंचन पावत नसतील, हृदय पुरेसे जोर धरत नसेल किंवा आज्ञा वाहून नेणाऱ्या स्वायत्त नसा जीर्ण झाल्या असतील, तर परिणाम एकच होतो. उपाय मात्र प्रत्येक वेळी वेगळा असतो.

पहिल्या पंधरा सेकंदांतच दाब मोठ्या प्रमाणात घसरून लगेच सावरणे हा प्रकार उंच, सडपातळ तरुणांत व किशोरवयीन मुलांत वारंवार दिसतो. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी किंवा झेंडावंदनाला बराच वेळ ताटकळत उभे राहिल्यावर मुले कोसळतात, त्यामागील यंत्रणा थोडी निराळी असते. तेथे नाडी मंदावते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. याउलट काही तरुण स्त्रियांमध्ये उभे राहिल्यावर रक्तदाब फारसा उतरत नाही, पण दहा मिनिटांच्या आत नाडीचा वेग मिनिटाला ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढतो व छातीत धडधडते. या अवस्थेला पॉट्स हे संक्षिप्त नाव आहे.

कारणे

शरीरातील पाणी कमी होणे हे सर्वाधिक आढळणारे कारण होय. जुलाब, उलट्या, ताप, उन्हातील श्रम, पुरेसे पाणी न पिणे यांमुळे ते घडते. रक्तस्राव आणि रक्तक्षय हेही तितकेच महत्त्वाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ या काळातील पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे घरातील बाईला उठताना अंधारी येत असेल तर हिमोग्लोबिनची तपासणी ही पहिली पायरी ठरते.

ज्येष्ठांमध्ये औषधे हे प्रमुख कारण असते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, पुरुषांमध्ये प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅम्सुलोसिन व प्राझोसिन यांसारखी औषधे, हृदयविकारावरील नायट्रेट गोळ्या, नैराश्यावरील काही जुनी औषधे आणि कंपवातावरील लेव्होडोपा ही त्यांपैकी ठळक होत. दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेल्या मधुमेहात स्वायत्त नसा झिजतात. कंपवात व त्याच्याशी साधर्म्य असणारे मज्जाविकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अधिवृक्क ग्रंथींची अकार्यक्षमता आणि आजारपणात दीर्घकाळ पडून राहणे ही आणखी कारणे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत ब-१२ची कमतरता होऊ शकते, आणि शुद्ध शाकाहारी आहारात ती अधिक संभवते. या दोहोंचा योग महाराष्ट्रातील अनेक घरांत जुळून येतो.

नियंत्रणात नसलेला उच्च रक्तदाब हेदेखील या विकाराचे एक कारण आहे, ही गोष्ट सर्वसामान्यांना विसंगत वाटते. सततच्या उच्च दाबामुळे धमन्या ताठर होतात आणि दाब जाणणारी केंद्रे बोथट होतात. परिणामी एकाच व्यक्तीत निजलेल्या स्थितीत दाब जास्त आणि उभ्या स्थितीत कमी असे दोन्ही दोष नांदू शकतात.

मावळातील परिस्थिती

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका पावसाळ्यात भाताचा आणि बारमाही वर्दळीचा प्रदेश आहे. तळेगाव दाभाडे शहराजवळ इंद्रायणीकाठी वसलेले वराळे, तेथून पुढे कामशेत, कार्ला आणि लोणावळ्यापर्यंतच्या गावांत या विकाराला निमित्त ठरणारे प्रसंग दैनंदिन जीवनातच सापडतात.

भाताच्या लावणीत तासन्‌तास चिखलात ओणवे राहून रोपांच्या मुठी लावल्या जातात. ओणव्या स्थितीत डोके हृदयाच्या पातळीखाली असते. कंबर सरळ करण्यासाठी एकदम ताठ उभे राहिले की दाब झपाट्याने घसरतो. पावसात भिजलेल्या माणसाला तहान लागल्याची जाणीव कमी होते, आणि शेतावर आडोसा नसल्याने स्त्रिया पाणी पिण्याचे टाळतात. या दुसऱ्या कारणाची दखल आरोग्यविषयक लेखनात फारशी घेतली जात नाही, परंतु ते खरे आहे. नेहमीचा सल्ला ‘भरपूर पाणी प्या’ एवढाच असतो. ते पाणी प्यायल्यानंतर जायचे कोठे याचा विचार त्यात नसतो.

चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या यात्रेला उन्हात पायऱ्या चढून जाणारे भाविक, देहू आणि आळंदीहून पालखीबरोबर पंढरपूरकडे चालणारे वारकरी, आषाढी-कार्तिकीचा निर्जळी उपवास धरणारे वृद्ध यांच्या बाबतीत पाण्याची कमतरता आणि सकाळच्या रक्तदाबाच्या गोळ्या असा दुहेरी मारा होतो. उपवास किंवा वारी यांत गैर काहीच नाही. मात्र लघवीची गोळी घेणाऱ्याने त्या दिवसांतील मात्रेविषयी डॉक्टरांना आधी विचारणे आवश्यक असते. उपवास सोडताना भरपेट जेवण झाल्यावर पोटातील रक्तवाहिन्यांकडे रक्त वळते व अर्ध्या ते दोन तासांत दाब उतरतो. साबुदाणा, बटाटा, भात यांसारख्या पिष्टमय पदार्थांच्या मोठ्या घासांनंतर ही घट अधिक असते.

देशी पद्धतीच्या शौचकूपात उकिडवे बसून उठणे हा ज्येष्ठांसाठी सर्वांत धोक्याचा क्षण समजला पाहिजे. उकिडवे बसल्याने पायांतील रक्त वर ढकलले जाते, आणि उठताच ते पुन्हा खाली धावते. रात्री लघवीला उठणे, पहाटेच्या कढत पाण्याने अंघोळ, देवपूजेत मांडी घालून बराच वेळ बसल्यावर उठणे हेही त्याच जातीचे प्रसंग होत. शौचकूपात हाताला धरता येईल असा दांडा बसवणे व रात्री मंद दिवा तेवत ठेवणे यांवर होणारा खर्च किरकोळ असतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

घरी रक्तदाब मोजण्याची पद्धत

पाच मिनिटे शांत पडून राहावे आणि रक्तदाब व नाडी मोजावी. नंतर उभे राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावे. उभे असताना पट्टा बांधलेला हात लोंबकळत न ठेवता हृदयाच्या पातळीवर टेबलावर किंवा दुसऱ्या व्यक्तीच्या हातावर टेकवावा, अन्यथा आकडा चुकीचा येतो. जवळ कोणीतरी असावे. सकाळी उठल्याबरोबर, गोळ्या घेतल्यानंतर दोन तासांनी आणि जेवणानंतर अशा तीन वेळच्या नोंदी आठवडाभर वहीत लिहून ठेवल्यास डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो. केवळ खुर्चीत बसवून एकदाच घेतलेल्या मोजमापात हा विकार निसटतो.

परिणामकारक नैसर्गिक उपाय

टप्प्याटप्प्याने उठणे हा सर्वांत साधा उपाय होय. झोपेतून उठताना आधी पडल्या पडल्याच पावले वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवावीत, मग काठावर बसून एक-दोन मिनिटे पाय लोंबते ठेवावेत, मुठी आवळाव्यात आणि आधार धरून उभे राहावे. उभे राहिल्यावर लगेच चालू न लागता काही क्षण जागीच थांबावे. हे सांगितले जाते सर्वत्र. पाळले क्वचितच जाते, विशेषतः फोनची घंटा वाजल्यावर किंवा दारावर कोणी आल्यावर.

पाणी हे या विकारावरील अस्सल नैसर्गिक औषध म्हणता येईल. स्वायत्त नसांचा गंभीर विकार असलेल्या रुग्णांना सुमारे ४८० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे पेले साधे पाणी झटपट पाजले असता वरचा रक्तदाब सरासरी ३० मिलिमीटरहून अधिक वाढतो, असे अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केले. हा परिणाम पाच मिनिटांत सुरू होतो, साधारण अर्ध्या तासात शिगेला पोचतो आणि तासभर टिकतो. तो केवळ द्रव वाढल्यामुळे होत नाही. पातळ पाणी आतड्यात पोचताच एक चेतातंतूंचा प्रतिक्षेप जागा होतो. म्हणूनच या तात्काळ परिणामासाठी साधे पाणी मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरते. निरोगी तरुणांत त्याने दाब फारसा वाढत नाही. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी उशाशी ठेवलेले तांब्याभर पाणी पिण्याच्या जुन्या सवयीला येथे शास्त्रीय दुजोरा मिळतो. मात्र निजण्याच्या तोंडावर हा प्रयोग करू नये, कारण निजलेल्या स्थितीत दाब अवाजवी वाढू शकतो.

दिवसभरात एकूण दोन ते अडीच लिटर द्रव पोटात जावा. ताक, पेज, लिंबू सरबत, कोकम सरबत, पन्हे, आंबील आणि डाळीचे वा भाजीचे पातळ सूप ही सर्व पेये त्यात मोजता येतात. घामाने किंवा जुलाबाने मीठ गेले असेल तर चिमूटभर मीठ घातलेले ताक वा भाताची पेज साध्या पाण्यापेक्षा अधिक वेळ शरीरात टिकते. जुलाबात जलसंजीवनीला पर्याय नाही. बाजारात मिळणारी पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण पाळावे; येथे चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा लहान चमचा. अंदाजाने घातलेले जादा मीठ लहान मुलांना घातक ठरते. क्षार-शर्करेचे हे पाणी मोठ्या प्रमाणावर वापरून जीव वाचवता येतात हे १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी दाखवून दिले.

मिठाच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ऊर्ध्वस्थितीजन्य अल्परक्तदाबाच्या निवडक रुग्णांना मात्र डॉक्टर त्याहून अधिक मीठ खाण्यास सांगतात. ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयदौर्बल्य, मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार किंवा पायांवर सूज आहे त्यांनी हे कदापि स्वतःहून करू नये. महाराष्ट्रीय जेवणात लोणचे, पापड, ठेचा आणि ताटाच्या कडेला वाढलेले मीठ यांतून मुळातच भरपूर मीठ जाते. त्यामुळे घरातील कोणाला चक्कर आली म्हणून लगोलग मीठ-साखरेचे पाणी पाजण्यापूर्वी त्या व्यक्तीचा रक्तदाब व रक्तातील साखर माहीत असणे श्रेयस्कर.

चक्कर येऊ लागल्याची चाहूल लागताच काही सेकंदांत करता येतील अशा स्नायूंच्या युक्त्या नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम येथील वैद्यकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासून प्रचारात आणल्या. एक पाय दुसऱ्यावर तिढा घालून उभे राहणे आणि मांड्या, नितंब व पोट घट्ट आवळणे ही त्यांतील मुख्य युक्ती. टाचा उचलून चवड्यांवर वर-खाली होणे, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढणे, एक पाय पायरीवर किंवा स्टुलावर ठेवणे यांनीही दाब वाढतो. सर्वांत परिणामकारक म्हणजे सरळ खाली उकिडवे बसणे. एखाद्याला लाज वाटत असेल तर चपलेचा पट्टा सावरण्याचे निमित्त करता येते. मात्र पुन्हा उठताना मांड्या आवळूनच उठावे. रांगेत, बसच्या दांड्याला धरून किंवा रेशन दुकानापुढे उभे असताना या युक्त्या कोणाच्या ध्यानातही येत नाहीत.

पोटावर बांधायचा रुंद लवचीक पट्टा आणि कमरेपर्यंत येणारे घट्ट मोजे रक्त खाली साचू देत नाहीत. केवळ पोटरीपर्यंतच्या मोज्यांचा फायदा अल्प असतो, कारण अधिक रक्त पोटात व मांड्यांत साचते. उष्ण हवेत मोजे वापरणे जिकिरीचे होते. पोटपट्टा त्या मानाने सुसह्य असतो. तो उठण्यापूर्वी बांधावा आणि निजताना सोडावा.

पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २३ सेंटिमीटर उंच करणे हा १९४० पासून ज्ञात असलेला उपाय आहे. त्यामुळे रात्री मूत्रावाटे होणारा पाण्याचा व क्षाराचा ऱ्हास कमी होतो, असे समजतात. नुसत्या दोन उशा घेतल्याने हे साधत नाही. संपूर्ण शरीर उतारावर असावे लागते. वृद्धांवरील चाचण्यांत या उपायाचे निष्कर्ष संमिश्र आले आहेत. तथापि निजल्यावर दाब वाढणाऱ्या रुग्णांसाठी तो उपयुक्त समजला जातो.

आहारात दिवसातून दोनदा भरपेट जेवण्याऐवजी थोडे थोडे चार-पाच वेळा खाणे, जेवणानंतर तासभर जड काम वा चढण टाळणे आणि मद्य वर्ज्य करणे हितावह ठरते. मिश्री, तंबाखू यांमुळेही चक्कर येते. मिश्रीची सवय असलेल्या स्त्रिया हे कारण सहसा सांगत नाहीत. सकाळचा चहा किंवा कॉफी जेवणानंतरची घट काही अंशी रोखू शकते. रक्तक्षय असणाऱ्याने मात्र चहा जेवणाबरोबर घेऊ नये, कारण त्यामुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते. लिंबू किंवा आवळा त्याच्या उलट, शोषणास साहाय्य करतो. गुळाने वा लोखंडी कढईने थोडी मदत होते. मध्यम किंवा तीव्र रक्तक्षयात लोहाच्या गोळ्याच लागतात.

आयुर्वेद आणि वनौषधी

आयुर्वेदात ‘भ्रम’ या नावाने चक्करेचे वर्णन येते. चरकसंहितेत त्याची गणना केवळ वातामुळे होणाऱ्या ऐंशी विकारांत केली आहे, तर माधवनिदानात मूर्च्छा, भ्रम, निद्रा, तंद्रा व संन्यास यांचा एकत्र विचार केलेला आढळतो. अंधारी येणे आणि गरगरणे यांत आधुनिक वैद्यक जसा भेद करते तसा तंतोतंत भेद या ग्रंथांत शोधणे योग्य होणार नाही.

घराघरांत धने आणि आवळकाठी रात्रभर भिजवून खडीसाखरेसह घेण्याचा उपाय प्रचलित आहे. भिजवलेल्या मनुका, तुळशीचा रस, बदामाचे दूध यांचेही नाव घेतले जाते. हे पदार्थ निरुपद्रवी आणि पौष्टिक असले तरी उभे राहताना होणारी दाबाची घट ते रोखतात याला भरवशाचा पुरावा नाही. जो गुण येतो तो बहुधा सोबत पोटात जाणाऱ्या पाण्याचा असावा. आल्याने मळमळ कमी होते, दाब वाढत नाही. बीटाच्या रसाची शिफारस ‘लो बीपी’साठी वारंवार केली जाते, पण त्यातील नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैलावून दाब काहीसा उतरतो. लसणाच्या अर्काचाही तसाच सौम्य परिणाम दिसतो.

ज्येष्ठमध याला अपवाद आहे. त्यातील ग्लिसिरायझिन या घटकामुळे शरीरात मीठ व पाणी साठून दाब खरोखरच वाढतो. पण त्याच वेळी रक्तातील पोटॅशियम घटते, स्नायू दुर्बळ होतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. खोकल्यासाठी अधूनमधून कांडी चघळणे वेगळे आणि दाब वाढावा म्हणून महिनोन्‌महिने चूर्ण घेणे वेगळे. लघवीच्या गोळ्या, हृदयविकार किंवा गर्भारपण असल्यास ते टाळावे.

सर्पगंधेचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेच्या मुळीचा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर या भारतीय वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रक्तदाब उतरवणारी ही वनस्पती असल्याने उठताना चक्कर येणे हा तिचा ज्ञात दुष्परिणाम आहे. झोपेसाठी वा दाबासाठी सर्पगंधायुक्त गोळ्या घेणारी व्यक्ती जेव्हा दवाखान्यातील गोळ्याही घेत असते, तेव्हा दोन्हींचा परिणाम एकत्र होतो. वनौषधी असल्याने तिचा उल्लेख डॉक्टरांपुढे करण्याची गरज नाही, हा समज अशा वेळी महागात पडतो.

योगाभ्यास

स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केले. आसनांच्या वेळी रक्तदाबात काय बदल होतात हे उपकरणांनी मोजून पाहण्याचे आरंभीचे प्रयत्न या संस्थेत झाले. आज रुग्णालयांत कलत्या टेबलावर निजवून रक्तदाबाची जी परीक्षा करतात, तिच्यातही शरीराची स्थिती बदलून दाबातील फरक पाहण्याचेच तत्त्व आहे.

मिनिटाला सुमारे सहा या संथ गतीने केलेल्या श्वसनाने दाब जाणणाऱ्या प्रतिक्षेपाची संवेदनशीलता वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु केवळ तेवढ्याने हा विकार बरा होतो असे म्हणता येत नाही. पायांचे व पोटाचे स्नायू बळकट करणारी, निजून वा बसून करायची आसने चक्करेच्या रुग्णास अधिक सोयीची असतात. सूर्यनमस्कारात डोके वारंवार खाली-वर होते, म्हणून ते अतिशय सावकाश करावेत किंवा काही काळ थांबवावेत. शीर्षासन, सर्वांगासन यांतून बाहेर आल्यावर लगेच उभे न राहता शवासनात पडून राहण्याची योगशिक्षकांची शिस्त शरीरशास्त्राला धरून आहे. भस्त्रिका वा कपालभाती वेगाने केल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून मेंदूचा रक्तपुरवठा आकसतो, आणि त्यानेच घेरी येऊ शकते.

कोसळलेल्या व्यक्तीस प्रथमोपचार

भोवळ येऊन पडलेल्या व्यक्तीला उठवून बसवण्याची किंवा काखेत हात घालून उभे करण्याची भोवतालच्यांची धडपड असते. ती चुकीची आहे. आडवे पडणे हाच येथे शरीराने स्वतः केलेला उपचार होय. जमिनीवर उताणे निजवून पाय फूटभर वर धरावेत, गळ्याभोवतालचे कपडे सैल करावेत आणि गर्दी हटवावी. दिवस भरत आलेल्या गर्भवतीला डाव्या कुशीवर वळवावे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. नाकाशी कांदा वा चप्पल धरण्याने काही साधत नाही. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वराळे परिसरातील रुग्णांसाठी तळेगाव दाभाडे येथे वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय उपलब्ध आहे.

वैद्यकीय उपचार

या विकाराचे स्वतंत्र वर्णन १९२५ साली ब्रॅडबरी आणि एगल्स्टन या अमेरिकी वैद्यकांनी तीन रुग्णांच्या आधारे केले. आजही उपचाराची पहिली पायरी म्हणजे चालू औषधांची फेरतपासणी होय. गोळी बदलणे, मात्रा घटवणे किंवा ती रात्री देणे हे निर्णय डॉक्टरांनी घ्यायचे असतात. चक्कर येते म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणे हा ग्रामीण आणि शहरी दोन्ही भागांत आढळणारा प्रकार पक्षाघाताला निमंत्रण देणारा आहे. वरील उपायांनी भागले नाही तर फ्लुड्रोकॉर्टिसोन किंवा मिडोड्रिन ही औषधे दिली जातात. मिडोड्रिन निजलेल्या स्थितीत दाब वाढवत असल्याने निजण्यापूर्वी चार तासांच्या आत घेत नाहीत.

काही लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय करीत थांबू नये. छातीत दुखणे, धाप लागणे, नाडी अनियमित वा अतिजलद होणे, श्रम करताना किंवा पडून असताना शुद्ध हरपणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, असह्य डोकेदुखी ही ती लक्षणे होत. पाळी चुकलेल्या स्त्रीला ओटीपोटात दुखून चक्कर येणे हे गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेचे लक्षण असू शकते व त्यात काही तासांचा विलंबही जिवावर बेततो. मधुमेहींनी चक्कर येताच रक्तातील साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी.